भिंत उतरल्यावर

‘वरवरचे’ हा शब्द मराठीत आपण फारशा आदराने वापरत नाही. वरवरचे वाचन, वरवरची माया, वरवरची मलमपट्टी. खरे काय ते आत असते आणि बाहेरचे सगळे दिखाऊ, अशी आपली जुनी समजूत आहे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी तीसेक वर्षे गेली. त्या काळात ज्या थोड्या गोष्टींनी माझ्या मनातल्या पक्क्या समजुती हलवल्या, त्यांत या शब्दाचा क्रमांक बराच वरचा आहे. जिवंत पेशी कोणाला जवळ येऊ देते, कोणाला दूर ठेवते, कोणता पाहुणा आत घेते, याचा पहिला निकाल तिच्या पृष्ठभागावरच लागतो. वनस्पतींच्या बाबतीत हे नीट उलगडायला विज्ञानाला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि ते उलगडले बहुतांशी एका पानामुळे. ते पान तंबाखूचे.

निपाणी-चिकोडीकडच्या वाचकाला तंबाखूची ओळख करून द्यायला नको. अमेरिकेतले हे झाड पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्याकडे आले. शेजारच्या विजापुरात त्याचा शौक इतक्या लवकर रुजला की १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने नवलाईची वस्तू म्हणून मोगल दरबारात तंबाखू नेली, ती विजापुराहूनच. पुढे या पानाने आमच्या मुलखाला वखारी दिल्या, बिड्या वळणाऱ्या बायकांना मजुरी दिली आणि त्यांच्या घरात खोकलाही दिला. १९८१ साली याच पानाच्या भावासाठी निपाणीत शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात त्यांचे बळी गेले. ही बाजू आपण पुष्कळ वेळा ऐकली, लिहिली. याच पानाची दुसरी एक हकीकत आहे, ती आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही. ती सांगण्यासाठी हा लेख.

भिंतीआडचा जीव

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात ज्या खोल्या पाहिल्या आणि ज्यांना ‘सेल’ हे नाव दिले, ते खरे म्हणजे ओस पडलेले वाडे होते. राहणारे केव्हाच निघून गेले होते, उरल्या होत्या भिंती. वनस्पतीच्या पेशीला सेल्युलोजची भिंत असते. शेजारशेजारच्या दोन भिंतींमध्ये पेक्टिनचा थर असतो. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. या थराला बळकटी येते ती कॅल्शियममुळे. पेक्टिनच्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियमचा धन भार दोन साखळ्यांना एकत्र धरून ठेवतो. वाचकांनी हे कॅल्शियम ध्यानात ठेवावे, ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

भिंतीच्या आत जो प्रत्यक्ष जीव असतो, त्याला स्वतःचे एक अतिशय पातळ पटल असते. भिंत आणि पटल एकमेकांना इतके चिकटून असतात की साध्या नजरेला दोन्ही एकच वाटतात. ते वेगळे आहेत हे आम्ही अकरावी-बारावीच्या मुलांना रिओच्या जांभळ्या पानावर दाखवीत असू. पानाची खालची पातळ साल सोलायची, काचपट्टीवर ठेवायची आणि तिच्यावर साखरेचे दाट पाणी सोडायचे. पेशीतले पाणी बाहेर जाते, जांभळा गाभा आक्रसतो आणि भिंतीपासून सुटून मध्यभागी गोळा होऊन बसतो. याला रससंकोच म्हणतात. पुन्हा साधे पाणी दिले की तो गोळा फुगून भिंतीला टेकतो. दरवर्षी एखादे तरी पोर विचारीच, “सर, तो गोळा बाहेर काढता येईल का?”

हाच प्रश्न जॉन आफ क्लेर्कर या स्वीडिश शास्त्रज्ञाला पडला होता. १८९२ साली त्याने एका पाणवनस्पतीच्या पेशी अशाच आक्रसून घेतल्या आणि धारदार पात्याने कापल्या. पाते जिथे फक्त भिंतीतून गेले, तिथून आतला जीव अख्खा बाहेर आला. उघड्या पेशीचे, म्हणजे आज ज्याला प्रोटोप्लास्ट म्हणतात त्याचे, हे पहिले दर्शन. पण अशा पेशी हाती लागत त्या मोजक्याच, बोटांवर मोजाव्यात इतक्या. योगायोग असा की त्याच १८९२ साली रशियात इव्हानोव्स्कीने एक वेगळी गोष्ट दाखवली. रोगट तंबाखूच्या पानाचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला तरी त्यात रोग लावण्याची शक्ती उरतेच. विषाणूंच्या अभ्यासाची ती सुरुवात. या दोन प्रयोगांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पाऊणशे वर्षांनंतर ते एकाच बशीत भेटले.

हाबरलांटचा प्रश्न

मधल्या काळात ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठातला गॉटलिब हाबरलांट वेगळ्याच दिशेने विचार करीत होता. पानातली एक पेशी म्हणजे झाडाचा तुकडा, की तिच्यात अख्खे झाड दडलेले आहे? १९०२ साली व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने आपले प्रयोग मांडले. पानांतल्या हिरव्या पेशी त्याने सुट्या केल्या आणि पोषक द्रावात ठेवल्या. पेशी काही आठवडे जगल्या. त्या वाढल्या, त्यांच्यात पिष्ट साठले. पण एकाही पेशीचे विभाजन झाले नाही.

हाबरलांटने अपयश झाकून ठेवले नाही. अशा सुट्या पेशीपासून एक दिवस संपूर्ण झाड तयार करता यायला हवे, ही अपेक्षा मात्र त्याने नोंदवून ठेवली. त्याला ज्या द्रव्यांची उणीव भासली ती पुढे सापडत गेली. ऑक्झिन १९२०च्या दशकात, कायनेटिन १९५५ साली. हाबरलांट १९४५ साली वारला, तोवर त्याचा प्रश्न उघडाच होता. १९६५ साली विमला वसिल या भारतीय संशोधिकेने हिल्डेब्रांट यांच्यासह तंबाखूच्या एका सुट्या पेशीपासून अख्खे रोप वाढवून दाखवले. मात्र ती पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतीच्या गाठीतली होती, थेट पानातली नव्हती.

पानातल्या पेशी सुट्या करण्याचे साधे मार्गही याच सुमारास निघाले, आणि त्यांत आपली माणसे होती. बॉल आणि जोशी यांनी भुईमुगाच्या पानाची साल काढून आतला हिरवा गर पात्याने अलगद खरवडला आणि त्या पेशींचे विभाजन होताना दाखवले. मदुराईच्या ज्ञानम आणि कुलंदैवेलू यांनी १९६९ साली पाने खलात हलक्या हाताने घोटून, मलमलीतून गाळून पेशी मिळवल्या आणि त्या प्रकाशसंश्लेषण करतात हे सिद्ध केले. खल, बत्ता आणि मलमल! आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला परवडेल असे हेच शास्त्र होते. भुईमुगाच्या पानातून सुटलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात तरंगताना पाहून भुईमूग पेरणाऱ्या घरातली मुले हरखून जात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बुरशीची मदत

घोटून पेशी सुट्या होत, भिंत मात्र अंगावरच राही. ती उतरवण्याची युक्ती १९६० साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एडवर्ड कॉकिंगला सुचली. लाकूड, पाचोळा कुजवणाऱ्या बुरशांकडे सेल्युलोज पचवणारी एंझाइमे असतात. कॉकिंगने अशा एका बुरशीचा अर्क टोमॅटोच्या मुळांच्या टोकांवर वापरला आणि भिंती विरघळवून उघड्या पेशी मिळवल्या.

हे तंत्र पानाला लावले जपानच्या इतारू ताकेबे आणि सहकाऱ्यांनी, १९६८ साली. त्यांना नवे झाड घडवायचे नव्हते. त्यांना अभ्यासायचा होता तो इव्हानोव्स्कीचा विषाणू. अख्ख्या पानावर विषाणू सोडला तर आज ही पेशी बाधित होते, उद्या ती, त्यामुळे आत काय कोणत्या क्रमाने घडते ते कळत नाही. सगळ्या पेशी सुट्या हव्यात आणि एकाच वेळी बाधित व्हायला हव्यात. म्हणून त्यांनी तंबाखूचे पान घेतले. आधी पेक्टिन विरघळवणारे एंझाइम दिले, पेशी सुट्या झाल्या. मग सेल्युलोज विरघळवणारे दिले, भिंती गेल्या. हे सारे मॅनिटॉलच्या दाट द्रावात, कारण साध्या पाण्यात भिंत नसलेली पेशी फुगून फुटते. एक ग्रॅम पानातून लक्षावधी उघड्या पेशी मिळू लागल्या. पानात लांबट असणारी पेशी भिंत जाताच पूर्ण गोल होते आणि आतले हरितकण हिरव्या मण्यांसारखे दिसतात.

समान भारांचे भांडण

आणि इथेच पृष्ठभागाचा प्रश्न आडवा आला. भिंत गेली म्हणजे विषाणूला दार उघडे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात विषाणू पेशीभोवती असूनही फारसा आत शिरेना. कारण साधे होते. विषाणूच्या अंगावर ऋण भार, आणि उघड्या पेशीच्या पटलावरही ऋण भार. समान भार एकमेकांना दूर लोटतात, हे शाळेतले विज्ञान. ताकेबे आणि ओत्सुकी यांनी १९६९ साली मध्ये एक मध्यस्थ घातला. पॉलि-एल-ऑर्निथिन नावाचे धन भाराचे द्रव्य. ते दोघांनाही चिकटते. ते घालताच बहुसंख्य पेशी एकदम बाधित झाल्या. विषाणू घरात गेला तो मध्यस्थाचे बोट धरून.

हा ऋण भार पुढे मोजलाही गेला. द्रावातून विद्युतप्रवाह सोडला की उघड्या पेशी धन टोकाकडे सरकतात. त्यांच्या वेगावरून भाराचा अंदाज बांधता येतो. ग्राउट, विलिसन आणि कॉकिंग यांनी १९७३च्या सुमारास, तर नागाता आणि मेल्खर्स यांनी १९७८ साली असे अभ्यास प्रसिद्ध केले. पटलातल्या स्निग्ध द्रव्यांचे फॉस्फेट गट आणि प्रथिनांवरचे आम्ल गट यांच्यामुळे हा भार येतो. आकडा मिलिव्होल्टांतला, विजेरीच्या तुलनेत नगण्य. पण पेशीच्या मापाने पाहिले तर दोन पेशींना एकमेकींच्या अंगाला लागू न देण्याइतका तो पुरेसा आहे. एका बशीत लक्षावधी उघड्या पेशी असतात आणि बहुतेक सगळ्या सुट्या सुट्याच राहतात. भिंत पाडली म्हणून शेजारी एक होत नाहीत.

चुन्याची आठवण

उघड्या पेशी एक करता आल्या तर ज्या दोन जातींचा नैसर्गिक संकर होत नाही त्यांचाही मेळ घालता येईल, ही आशा त्या काळात फार मोठी होती. १९७० साली पॉवर, कमिन्स आणि कॉकिंग यांनी सोडियम नायट्रेट वापरून मुळांच्या उघड्या पेशी जोडल्या. १९७२ साली पीटर कार्लसन आणि सहकाऱ्यांनी तंबाखूच्याच कुळातल्या दोन जातींच्या पानांतल्या पेशी याच रीतीने जोडून त्यांच्यापासून संकरित झाडे उभी केली. पण जोड्या जुळत त्या अगदी थोड्या.

१९७३ साली केलर आणि मेल्खर्स यांनी जो उपाय काढला तो वाचून मला आमच्याकडच्या प्रत्येक कट्ट्यावरचे दृश्य आठवते. त्यांनी पेशींच्या द्रावात भरपूर कॅल्शियम घातले आणि द्राव चांगलाच अल्कधर्मी केला. कॅल्शियम आणि अल्क म्हणजे चुन्याचे दोन्ही गुण! तंबाखूच्या पेशींना त्यांनी एका अर्थाने चुनाच लावला. प्रयोगात प्रत्यक्ष चुना नव्हता, कॅल्शियम क्लोराइड होते. पण तत्त्व तेच. तळहातावर तंबाखू मळताना चुन्याचा अल्कधर्म निकोटिन मोकळे करतो आणि ते तोंडात लवकर भिनते. बशीत कॅल्शियमचा धन भार पटलावरचा ऋण भार झाकतो. भांडणाचे कारण मिटले की पेशी एकमेकींना टेकतात, आणि टेकलेली पटले वितळल्यासारखी एक होतात. दोन पेक्टिनच्या साखळ्यांना सांधणारे कॅल्शियम ते हेच. पानात शेजाऱ्यांना धरून ठेवण्याचे त्याचे काम, इथेही त्याने तेच केले.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, कॅनडातल्या काओ आणि मिखायलुक यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य पुढे आणले. ते पाणी शोषून धरते, त्यामुळे दोन पेशींमधला पाण्याचा पातळ पडदा नाहीसा होतो. पेशी गोळा होतात, मग कॅल्शियमच्या द्रावाने धुतले की जुळतात. त्यानंतर १९७९-८१ या काळात विजेचा उपाय आला. सौम्य उलटसुलट प्रवाहाने पेशी माळेसारख्या ओळीत लावायच्या आणि एका क्षणिक झटक्याने त्यांची पटले जोडायची.

अबईच्या शेंगेतली किल्ली

पृष्ठभागावर नुसता भारच असतो असे नाही. पटलातल्या प्रथिनांना आणि स्निग्ध द्रव्यांना साखरेच्या आखूड साखळ्या लोंबत असतात. त्यांचा शोध लागला तो आपल्या परसातल्या अबईच्या वर्गातल्या एका शेंगेमुळे. त्या शेंगेच्या बियांमधले कॉन्कनॅव्हॅलिन-ए हे प्रथिन जेम्स समनरने १९१९ साली वेगळे केले होते, आणि ते रक्तपेशींच्या गुठळ्या करते हे १९३६ साली दाखवले होते. नुसता गोळा करणारा हा डिंक नव्हे. ठरावीक साखर दिसली तरच ते तिला धरते, कुलपाला किल्ली लागावी तसे. १९७४ साली स्वीडनमध्ये क्रिस्टिना ग्लिमेलिउस आणि सहकाऱ्यांनी ते गाजराच्या उघड्या पेशींवर सोडले आणि पेशींचे पुंजके झाले. म्हणजे त्या साखरा पटलावर बाहेरच्या बाजूला होत्या. भिंतीखाली झाकलेल्या पेशीलाही स्वतःचा चेहरा असतो, त्याचा हा पुरावा.

ना धड बटाटा

१९७१ साली ताकेबे, लाबिब आणि मेल्खर्स यांनी तंबाखूच्या पानातल्या उघड्या पेशींपासून संपूर्ण झाडे वाढवली. हाबरलांटच्या प्रश्नाला ६९ वर्षांनी उत्तर मिळाले. पानातल्या एका पेशीत अख्खे झाड आहे.

त्या यशाच्या भरात दुसरी आशा फार फुगली. १९७८ साली मेल्खर्स आणि सहकाऱ्यांनी बटाटा आणि टोमॅटो यांच्या उघड्या पेशी जोडून झाडे वाढवली. वर टोमॅटो, खाली बटाटे, असे स्वप्न जगभरच्या वर्तमानपत्रांनी रंगवले. प्रत्यक्षात आले ते ना धड बटाट्याचे झाड ना धड टोमॅटोचे, आणि त्याला पेरण्याजोगे बीही नव्हते. पृष्ठभागाचे भांडण रसायनाने मिटवता येते. पण आतल्या दोन संसारांचे, लाखो वर्षे वेगळे वाढलेल्या दोन वंशांचे, जमेलच असे नाही. जिथे नाते जवळचे होते तिथे मात्र हाती काही लागले. रानटी बटाट्याची रोगप्रतिकारशक्ती लागवडीच्या बटाट्यात आणता आली. फ्रान्समध्ये पेलेतिए यांनी १९८३ साली मुळ्याचे पेशीद्रव्य असलेल्या आणि नेहमीच्या मोहरीवर्गीय पिकाच्या पेशी जोडून, संकरित बियाण्यासाठी लागणारा नरवंध्यत्वाचा गुण निर्दोष करून घेतला.

या इतिहासातली मला सर्वांत बोलकी वाटणारी नोंद मात्र संकराची नाही. उघडी पेशी एंझाइमातून बाहेर काढून धुतली की ती पहिले काम करते ते भिंत पुन्हा बांधण्याचे. काही तासांत सेल्युलोजचे धागे दिसू लागतात, दिवसा-दोन दिवसांत भिंत उभी राहते. ती झाल्यावरच विभाजन नीट चालू होते. जिला भिंत बांधता येत नाही, तिचा वंश वाढत नाही. पेशीला भिंत उतरवून इतरांना भेटवता येते, पण कायम उघड्यावर ठेवता येत नाही. आपल्यासारख्या सीमेवर राहणाऱ्यांनी यातून काय घ्यायचे ते ज्याने त्याने घ्यावे. मी वनस्पतीबद्दल बोलतो आहे.

पानाचे ऋण

हे सारे परदेशातच घडले असेही नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बापट, गिल आणि राव यांनी १९८५ साली चंदनाच्या उघड्या पेशींपासून रोपे मिळवली. चंदनासारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडात हे साधणे सोपे नव्हते. १९८४ साली स्वित्झर्लंडमध्ये तंबाखूच्या उघड्या पेशीत थेट जनुक घालण्यात आले. जनुकाचा डीएनएही ऋण भाराचाच, म्हणजे अडचण तीच आणि उपायही त्याच घराण्यातला. २०१५ साली कोरियातल्या शास्त्रज्ञांनी जनुकातली अक्षरे नेमकी बदलणारी क्रिस्पर ही कात्री लेट्यूस, भात आणि तंबाखूच्या उघड्या पेशींत घातली, तीही काओ-मिखायलुक यांच्या त्याच जुन्या ग्लायकॉलने. कात्री नवी, दार उघडण्याची रीत १९७४ सालची.

आमच्या भागातला शेतकरी मला विचारतो, “सर, हे पीक वाईट म्हणता, मग याच्याजागी लावू काय?” या प्रश्नाचे उत्तर उघड्या पेशीच्या बशीत नाही, आणि तसे भासवणे खोटेपणाचे होईल. ते भाव, पाणी आणि बाजार यांत शोधावे लागेल. पण ज्या पानाच्या नावाने आपण एरवी फक्त रोग आणि रुपये मोजतो, त्याच पानाने पेशीच्या पृष्ठभागाचे शास्त्र उभे केले, विषाणूला आत शिरताना पकडून दिले, आणि एका पेशीत अख्खे झाड असते हे सिद्ध केले. रोगाशी लढणारे बटाट्याचे वाण शोधणारा असो की भाताचे, उद्याचा संशोधक ज्या रस्त्याने जाईल तो या पानावरून गेलेला आहे. निपाणीच्या वखारीत याची नोंद कुठल्या वहीत सापडणार नाही. म्हणून ती इथे केली.